तक्रारींचें कोठार

१९६१ सालच्या डिसेंबर महिन्यांत लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत एक लहानसें पत्र छापून आलें. सिडनी येथील विल्यम मॅक्ब्राइड या प्रसूतितज्ज्ञानें तें लिहिलें होतें. गरोदरपणांत थॅलिडोमाइड नांवाचें औषध घेतलेल्या स्त्रियांच्या मुलांत गंभीर व्यंगें आढळत आहेत, इतर कोणास असाच अनुभव आला आहे काय, एवढाच त्या पत्राचा आशय होता. त्याच्या आदल्याच महिन्यांत जर्मनींतील विडुकिंड लेन्झ या बालरोगतज्ज्ञानें स्वतंत्रपणें हाच संशय बोलून दाखविला होता, आणि त्या महिन्याच्या अखेरीस तें औषध तेथील बाजारांतून काढून घेण्यांत आलें होतें. परंतु तोंवर चार वर्षें लोटलीं होतीं. १ ऑक्टोबर १९५७ पासून तें जर्मनींत झोपेचें निर्धोक औषध म्हणून विकलें जात होतें. पुढें चाळीसांहून अधिक देशांत त्याचा प्रसार झाला. आणि सुमारें दहा हजार मुलें त्याच्यामुळें व्यंग घेऊन जन्मास आलीं, असा अंदाज केला जातो.

या चार वर्षांत अशीं मुलें पाहणारे डॉक्टर थोडे नव्हते. पण एकानें एक पाहिलें, दुसऱ्यानें दोन पाहिलीं. ज्याचा कागद त्याच्या कपाटांत राहिला. एका गांवचा कागद दुसऱ्या गांवच्या कागदाशेजारीं कोणी ठेवला नाहीं, म्हणून त्यांची बेरीजही कोणी केली नाहीं. माहिती मुळींच नव्हती असें म्हणतां येत नाहीं. माहिती होती, पण ती एके ठिकाणीं नव्हती, आणि मोजतां येईल अशा रूपांत नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठीं जगानें पुढें जें साधन उभारलें त्याचा, व त्यांतील मोजणीच्या शास्त्राचा, परिचय करून देणें हा या भाषणाचा हेतु आहे. विषय यंत्रांचा दिसला तरी त्याचा शेवट प्रत्येक श्रोत्याच्या घरांतील औषधांच्या डब्यापाशीं होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनें १९६८ मध्यें दहा राष्ट्रांना बरोबर घेऊन औषधांच्या अनिष्ट परिणामांच्या नोंदी एकत्र करण्यास आरंभ केला. १९७८ मध्यें या कार्याचें केंद्र स्वीडनमधील उप्साला या विद्यापीठाच्या गांवीं गेलें, आणि तें आजही तेथेंच आहे. भारत या योजनेंत १९९८ मध्यें सामील झाला. त्या आरंभीच्या काळांत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेबरोबर मुंबईचें के. ई. एम्. रुग्णालय हेंही या कामाचें एक केंद्र होतें. २०१० मध्यें भारत सरकारनें औषध-दक्षतेचा देशव्यापी कार्यक्रम हातीं घेतला, आणि २०११ पासून त्याचें मुख्य केंद्र गाझियाबाद येथील भारतीय भेषज संहिता आयोगांत आहे. देशोदेशींचीं अशीं केंद्रें आपापल्या नोंदी उप्सालाच्या कोठारांत धाडतात. त्या कोठाराचें नांव 'व्हिजिबेस'. त्यांत आज तीन कोटींहून अधिक अहवाल आहेत.

अहवाल म्हणवून घेण्यासाठीं त्यांत निदान चार गोष्टी असाव्या लागतात : ओळखतां येईल असा रुग्ण, ओळखतां येईल असा कळविणारा, संशयित औषध आणि झालेला अपाय. रुग्ण ओळखतां येणें म्हणजे त्याचें नांव जाहीर करणें नव्हे. आद्याक्षरें, वय, स्त्री कीं पुरुष, एवढ्यावरूनही एक रुग्ण दुसऱ्यापासून निराळा करतां येतो.

आतां हे अहवाल लिहून कसे ठेवावयाचे? शाळेंतील हजेरीपटाप्रमाणें उभ्या-आडव्या रेघांचा तक्ता आंखावा, असें प्रथम कोणाच्याही मनांत येईल. हजेरीपट सुटसुटीत असतो, कारण प्रत्येक विद्यार्थ्याला नांव एक आणि दिवसाची हजेरीही एक. रुग्णांचें तसें नाहीं. एकानें एकच गोळी घेतलेली असते, तर दुसऱ्या वृद्ध गृहस्थाचीं सात औषधें चालू असतात. एकाच्या अंगावर नुसतें पुरळ उठतें, तर दुसऱ्याला पुरळ, ताप आणि कावीळ अशा तिन्ही गोष्टी होतात. एका औषधाचा आरंभदिवस माहीत असतो, दुसऱ्याचा नुसता महिना, तिसऱ्याचें कांहींच नाहीं. अशा तक्त्यांत औषधांचे रकाने किती ठेवावे? सात ठेवले तर आठवें औषध घेणारा उद्यां दारांत उभा राहतो. पन्नास ठेवले तर बहुतेक सारे रिकामे पडतात.

या अडचणींतून वाट काढणारी जी लेखनपद्धति आज सर्वत्र रूढ आहे तिचें नांव एक्सएमएल. 'वाढवितां येणारी खुणांची भाषा' असा त्या नांवाचा सरळ अर्थ करतां येईल. तिची कल्पना सोपी आहे. माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या आधीं त्याच्या नांवाची खूण कोनाकृति कंसांत लिहावयाची, आणि तुकडा संपला कीं तीच खूण एक तिरकी रेघ देऊन पुन्हां लिहावयाची. स्वयंपाकघरांत डब्यांवर 'साखर', 'रवा' अशा चिठ्ठ्या चिकटवितात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें डब्यांत डबा आणि त्याच्याही आंत डबा ठेवतां येतो. 'अहवाल' या मोठ्या डब्यांत 'रुग्ण' हा डबा. त्यांत 'औषध' या नांवाचे लागतील तितके डबे. प्रत्येक औषधाच्या डब्यांत मात्रा, तारीख व तें घेण्याचें कारण. आणि शेजारीं 'प्रतिक्रिया' या नांवाचेही हवे तितके डबे. रकाना रिकामा ठेवण्याचें कारण उरत नाहीं. जी गोष्ट नाहीं तिचा डबाच नसतो. ही रचना कागदावर काढली तर ती घराण्याच्या वंशवृक्षासारखी दिसते.

ही भाषा १० फेब्रुवारी १९९८ रोजीं वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेनें प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. तिचें मूळ मात्र जुनें आहे. १९८६ मध्यें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेली एसजीएमएल ही तिची आई. आणि १९६९ मध्यें आय. बी. एम्. कंपनींत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनीं रचलेली जीएमएल ही तिची आजी. जीएमएल हीं तीन अक्षरें त्या तिघांच्या आडनांवांचीं आद्याक्षरेंही आहेत.

औषधांच्या अहवालांत कोणत्या गोष्टी असाव्यात याचा आराखडा अमेरिका, युरोप व जपान येथील नियामक अधिकारी आणि औषधनिर्माते यांच्या संयुक्त परिषदेनें १९९७ मध्यें निश्चित केला. 'ई-टू-बी' या नांवानें तो ओळखला जातो, आणि त्याचे संदेश आज एक्सएमएल मध्येंच पाठविले जातात. त्यांत प्रत्येक औषधाला त्याची भूमिका सांगणारा एक अंक दिलेला असतो. १ म्हणजे संशयित औषध, २ म्हणजे नुसतें बरोबरीनें घेतलेलें, ३ म्हणजे दुसऱ्या औषधाशीं न जुळल्यामुळें अपाय करणारें. तारीख पूर्ण माहीत नसेल तर नुसता महिना किंवा नुसतें वर्ष नोंदविण्याचीही मुभा आहे. रकाना भरावयाचाच म्हणून खोटी तारीख घालण्यापेक्षां जेवढें माहीत आहे तेवढेंच लिहिणें बरें, हें शहाणपण या आराखड्यांत आहे.

येथवर सारें ठीक झालें. परंतु झाडासारखी ही रचना अहवाल लिहिण्यास आणि धाडण्यास जितकी सोयीची, तितकीच मोजणीस अडचणीची आहे. व्यापाऱ्याच्या पेढीवर रोजकीर्द निराळी आणि वर्षअखेरचा ताळेबंद निराळा असतो. रोजकिर्दींत घडेल तें घडेल त्या क्रमानें लिहितात; तिच्यावरून कोणता माल कोणत्या महिन्यांत किती खपला हें चटकन् सांगतां येत नाहीं. त्यासाठीं त्याच नोंदी निवडून, पाखडून, दुसऱ्या रीतीनें मांडाव्या लागतात. संगणकाच्या व्यवहारांत अशा मांडणीला 'डेटा वेअरहाउस', म्हणजे माहितीचें कोठार, म्हणतात. विल्यम इन्मन या अमेरिकन तज्ज्ञानें १९९२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या कोठाराचीं चार लक्षणें सांगितलीं आहेत, आणि औषधांच्या अहवालांना तीं चारही लागू पडतात.

पहिलें लक्षण असें कीं, कोठाराची मांडणी विषयानुसार असावी. कोणत्या कचेरींतून कागद आला यापेक्षां तो कोणत्या औषधाविषयीं व कोणत्या अपायाविषयीं आहे, यावरून त्याची जागा ठरावी. दुसरें लक्षण एकरूपतेचें. आपल्याकडे ज्याला पॅरासिटामॉल म्हणतात त्यालाच अमेरिकेंत ॲसिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही नांवें एकाच औषधाखालीं आलीं नाहींत तर मोजणी तेथेंच फसली. तिसरें लक्षण काळाचें. कोणती गोष्ट केव्हांची, हें प्रत्येक नोंदीवर असलें पाहिजे. चौथें लक्षण स्थैर्याचें. एकदां आंत आलेली नोंद पुसून टाकूं नये. सोमवारीं 'रुग्ण सुधारत आहे' असें पत्र आलें आणि पुढच्या महिन्यांत 'रुग्ण दगावला' असें आलें, तर मोजणीसाठीं दुसरें धरावें. परंतु पहिल्या वेळीं काय माहीत होतें याचाही पुरावा राहिला पाहिजे.

कोठार तयार झालें कीं मोजणी सुरू होते. संगणकावर माहिती तक्त्यांच्या रूपानें ठेवण्याची उपपत्ति एडगर कॉड यांनीं १९७० मध्यें मांडली होती. त्यांनींच १९९३ मध्यें आपल्या सहकाऱ्यांसह या नव्या मोजणीला 'ऑनलाइन ॲनॅलिटिकल प्रोसेसिंग', संक्षेपानें 'ओलॅप', हें नांव दिलें. तिची कल्पना यावी म्हणून एक घनाकृति पेटी डोळ्यांपुढें आणावी. तिच्या लांबीवर औषधांचीं नांवें, रुंदीवर अपायांचीं आणि उंचीवर वर्षें लिहिलेलीं आहेत. आंत लहान लहान खण आहेत, आणि प्रत्येक खणांत एक आंकडा आहे : या औषधानें, हा अपाय, या वर्षीं, इतक्या रुग्णांना झाल्याचें कळविलें गेलें. एका वर्षाची चकती कापून पाहतां येते. वर्षांचीं दशकें करून आंकडे एकत्र करतां येतात. उलट, एखादा आंकडा फुगलेला दिसला तर त्याच्या आंत शिरून महिने, वयोगट, देश असे बारकावेही पाहतां येतात.

हें ऐकावयास गोड वाटतें. परंतु झाडाचा तक्ता करतांना ज्या चुका होतात त्या शाळकरी बेरजेच्या चुकांइतक्या साध्या दिसत असल्या, तरी त्यांचे परिणाम माणसांच्या जिवापर्यंत पोंचतात.

पहिली चूक गुणाकाराची. एका वृद्धानें तीन औषधें घेतलीं आणि त्याला दोन अपाय झाले. त्याचा अहवाल सपाट तक्त्यांत उतरविला कीं प्रत्येक औषधासमोर प्रत्येक अपाय लिहावा लागतो, आणि तीन दुणे सहा ओळी होतात. दुसऱ्या एका तरुणानें एकच औषध घेतलें व त्याला एकच अपाय झाला. त्याची ओळ एक. रुग्ण दोन, पण तक्त्यांत ओळी सात. वृद्धाचें वय ७२ आणि तरुणाचें २० असेल, तर दोघांचें सरासरी वय ४६ येतें. पण यंत्राला सात ओळींची सरासरी काढण्यास सांगितलें तर तें ६४ हून अधिक सांगेल, आणि त्याच्या हिशेबांत चूक सांपडणार नाहीं. तो वृद्ध दगावला असेल तर त्याच्या एका मृत्यूचे सहा मृत्यु होतील. तात्पर्य, बेरीज करण्यापूर्वीं आपण काय मोजीत आहों, रुग्ण, औषधें, अपाय, कीं औषध-अपायाच्या जोड्या, हें ठरवावें लागतें. म्हणून चांगल्या कोठारांत अहवालाची एकच मुख्य नोंद ठेवून औषधें व अपाय यांच्या नोंदी वेगळ्या तक्त्यांत तिला जोडतात, आणि रुग्ण मोजतांना अहवालाचा क्रमांक एकदांच धरतात.

दुसरी चूक वर्गवारीची. अपायांचीं नांवें सर्व जगांत एकसारखीं असावींत म्हणून 'मेड्रा' नांवाचा एक कोश वापरला जातो. त्यांत बारीक शब्दापासून मोठ्या वर्गापर्यंत पांच पायऱ्या असून सर्वांत वर २७ वर्ग आहेत. परंतु शरीर कांहीं कपाटाच्या खणांप्रमाणें विभागलेलें नाहीं. इन्फ्लुएन्झा हा जंतुसंसर्गाचा विकार, तसाच श्वसनाचाही. तो दोन्ही वर्गांत मोजला तर सर्व वर्गांची बेरीज रुग्णांच्या संख्येहून अधिक होईल. यावर त्या कोशांत तोड अशी काढली आहे कीं, प्रत्येक विकार अनेक वर्गांत दाखवितां आला तरी त्याचा मुख्य वर्ग एकच ठरवून दिला आहे, आणि एकूण बेरीज नेहमीं मुख्य वर्गावरूनच करावयाची. इन्फ्लुएन्झाचा मुख्य वर्ग जंतुसंसर्ग हा आहे. औषधांच्या वर्गवारींतही हीच अडचण येते. घरोघरचें ॲस्पिरिन वेदनाशामकांच्या यादींत आहे, आणि रक्त गोठूं न देणाऱ्या औषधांच्या यादींतही आहे.

तिसरी चूक गळतीची. ज्या अहवालांत वय लिहिलेलें नाहीं ते वयोगटांच्या तक्त्यांतून नकळत गळून पडतात. मग वयोगटांची बेरीज एक सांगते आणि एकूण संख्या दुसरी. अशा अहवालांसाठीं 'वय अज्ञात' हा खण ठेवलाच पाहिजे. हान्स-योआखिम लेन्झ व आरी शोशानी या दोन संशोधकांनीं १९९७ मध्यें बेरीज केव्हां विश्वसनीय ठरते याच्या तीन अटी मांडल्या. वर्ग एकमेकांत मिसळलेले नसावेत; सर्व वर्ग मिळून कांहीं सुटूं नये; आणि जी राशि मिळवावयाची ती मिळविण्याजोगी असावी, कारण वजनांची बेरीज करतां येते, पण तापमानाच्या अंशांची बेरीज निरर्थक असते. हे लेन्झ थॅलिडोमाइड प्रकरणांतील लेन्झ यांच्याहून निराळे. एक्सएमएलचें झाड पहिल्या दोन अटी वारंवार मोडतें, कारण त्यांत एकाच जागीं कधीं अनेक डबे असतात आणि कधीं एकही नसतो.

हें काम सरळ झाडावरच करतां यावें असाही प्रयत्न झाला. झाडांतून हवें तें शोधून काढण्यासाठीं 'एक्सक्वेरी' नांवाची भाषा २००७ मध्यें प्रमाण म्हणून आली. परंतु तिच्या त्या पहिल्या रूपांत गट पाडून मोजण्याची स्वतंत्र आज्ञाच नव्हती. ती २०१४ च्या आवृत्तींत आली. हें उदाहरण बोलकें आहे. पत्र वाचण्याची भाषा आणि पत्रें मोजण्याची भाषा या दोन निराळ्या गरजा आहेत, हें पुष्कळांच्या ध्यानांत उशिरां आलें.

चौथी चूक दुबार नोंदींची. एका रुग्णाची हकीगत डॉक्टर कळवितो, तीच औषधकंपनीही कळविते, आणि कधीं रुग्णाचे नातेवाईकही कळवितात. तिघेही आपलें कर्तव्यच करीत असतात. पण कोठारांत एका माणसाचीं तीन माणसें होतात. तारीख, वय, औषध व अपाय हीं जुळवून असे जुळे अहवाल हुडकावे लागतात.

या चुका टाळल्या कीं मग खऱ्या प्रश्नाकडे वळतां येतें : अमुक औषधाविषयीं संशय घ्यावा काय? येथें नुसता मोठा आंकडा उपयोगी नाहीं, कारण जें औषध लक्षावधि लोक घेतात त्याविषयींच्या तक्रारीही अधिक येणारच. म्हणून तुलना करावी लागते. एका कल्पित कोठारांत १०,००० अहवाल आहेत असें समजावें. त्यांपैकीं ५०० मध्यें पुरळाची तक्रार आहे, म्हणजे शेंकडा पांच. एका विशिष्ट औषधाचे अहवाल १०० आहेत. त्या औषधाचा पुरळाशीं कांहीं खास संबंध नसेल, तर त्या १०० मध्येंही पुरळाचे ५ च्या आसपास असावेत. प्रत्यक्षांत २० निघाले, तर ते अपेक्षेच्या चौपट झाले, आणि तज्ज्ञांनीं कान टवकारले पाहिजेत. उप्साला केंद्रानें १९९८ पासून प्रसिद्ध केलेली रीत याच अपेक्षित व प्रत्यक्ष आंकड्यांच्या तुलनेवर उभी आहे. आंकडे फार लहान असतील तेव्हां उगाच घबराट होऊं नये म्हणून तींत सावधगिरीची एक तजवीजही केलेली आहे.

आतां त्या २० पैकीं ८ अहवाल दुबार होते असें समजलें तर काय होतें? एकूण अहवाल ९,९९२, पुरळाचे ४९२, औषधाचे ९२ आणि दोन्ही असलेले १२ उरतात. अपेक्षा साडेचारांच्या आसपास येते, आणि चौपटीचें अडीचपटीहून थोडें अधिक राहतें. संशय नाहींसा झाला नाहीं, पण त्याचें वजन बदललें. उलट, दुबार समजून खरेच निराळे रुग्ण गाळले गेले, तर खरा धोका झांकला जाईल. एका बाजूच्या चुकीनें चांगलें औषध बदनाम होतें, आणि दुसऱ्या बाजूच्या चुकीनें वाईट औषध आणखी कांहीं वर्षें चालू राहतें. दोहोंची किंमत रुग्णच देतो.

शिवाय ही मोजणी कितीही निर्दोष असली तरी तिला एक मर्यादा आहे. कोठारांत तक्रार करणारेच येतात. औषध घेऊन कांहीं न झालेले किती, हें त्यांत नसतें. म्हणून हजार रुग्णांमागें इतक्यांना अपाय होतो, असें त्यावरून सांगतां येत नाहीं. औषधानेंच अपाय झाला हेंही सिद्ध होत नाहीं. मूळच्या आजारानेंही तो झालेला असूं शकतो. मोजणीनें फक्त बोट दाखविलें जातें. त्यानंतर तज्ज्ञांना आंकड्यावरून मागें फिरून मूळ अहवालांपाशीं जावें लागतें. औषध केव्हां सुरू झालें, लक्षणें किती दिवसांनीं दिसलीं, औषध थांबविल्यावर उतार पडला काय, हें त्या त्या रुग्णाच्या हकीगतींतच असतें. ज्या कोठारांत आंकडा आहे, पण त्याच्यामागचें पत्र फेंकून दिलें आहे, तें कोठार अर्धें आंधळें समजावें. एक्सएमएलच्या झाडाचें महत्त्व येथें पुन्हां प्रत्ययास येतें. मोजणीसाठीं तक्ता करावा, पण झाड तोडूं नये.

या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय, याचें एक उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. मेफेनॅमिक ॲसिड हें औषध मासिक पाळीच्या वेदनांसाठीं आणि कधीं तापासाठीं आपल्या घरांतून सर्रास घेतलें जातें. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं भारतीय भेषज संहिता आयोगानें या औषधाविषयीं सावधगिरीची सूचना काढली. देशांतून गोळा झालेल्या अहवालांच्या प्राथमिक छाननींत त्याचा 'ड्रेस' नांवाच्या तीव्र प्रतिक्रियेशीं संबंध दिसला होता. या प्रतिक्रियेंत पुरळ उठतें, ताप येतो, गांठी सुजतात, रक्तांतील विशिष्ट पांढऱ्या पेशी वाढतात आणि यकृतासारखीं आंतलीं इंद्रियेंही बिघडूं शकतात. ती क्वचित् होणारी, पण गंभीर आहे; आणि ती बहुधा औषध सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनीं दिसते. महिन्यापूर्वीं घेतलेल्या गोळीची आठवण आज पुरळ दाखवावयास आलेल्या रुग्णाला होत नाहीं, आणि एकट्या डॉक्टरलाही तिचा संशय येणें कठीण. असे विखुरलेले कागद एकमेकांशेजारीं ठेवल्यावरच त्यांतील धागा दिसूं लागतो. या सूचनेनें औषधावर बंदी आलेली नाहीं. डॉक्टरांनीं व रुग्णांनीं लक्ष ठेवावें आणि असें कांहीं आढळल्यास कळवावें, एवढेंच तिनें सांगितलें.

हें कळविण्याचें काम केवळ डॉक्टरांचें नाहीं. आपल्या देशांत रुग्णाला किंवा त्याच्या घरच्या माणसालाही असा अहवाल देतां येतो. त्यासाठीं १८००-१८०-३०२४ हा विनामूल्य दूरध्वनि क्रमांक आहे, आणि अनेक मोठ्या रुग्णालयांत अहवाल घेणारीं केंद्रें आहेत. कळवितांना औषधाचें नांव, तें केव्हां सुरू केलें, लक्षणें केव्हां दिसलीं, बरोबर दुसरीं कोणतीं औषधें चालू होतीं आणि पुढें काय झालें, एवढें आठवून सांगावें. जें आठवत नसेल तें आठवत नाहीं असेंच सांगावें. ज्या घरांत औषधाचें वेष्टन आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवण्याची संवय असते, त्या घरचा अहवाल अधिक उपयोगी पडतो.

सिडनीच्या त्या डॉक्टरानें विचारलेला प्रश्न, 'इतर कोणास असा अनुभव आला आहे काय?', आज कोट्यवधि अहवालांना कांहीं क्षणांत विचारतां येतो. तो विचारणारीं यंत्रें शीघ्र आहेत, आणि उत्तर खरें यावें म्हणून मोजणीचे नियमही तयार आहेत. परंतु घरांतील पुरळ घरांतच बरें झालें, किंवा बरें झालें नाहीं, आणि कोणी कोठें कळविलें नाहीं, तर तो कागद १९६० सालाप्रमाणेंच कपाटांत राहतो. आणि जो कागद कोठारांत आलाच नाहीं त्याची बेरीज कोणत्याही यंत्राला करतां येत नाहीं.